निळी बंदूक भाऊजींची

रविवारी सकाळी मी खंडेराव मार्केटात पापडी निवडत होतो. थंडीत उंधियूची पापडी घ्यायला निम्मं बडोदं तिथे लोटलेलं असतं. त्या गर्दीत एका हातात पिशवी धरून दुसऱ्या हाताने शेंगा चाचपत असताना फोन वाजला. ताईचा होता. खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरून मी म्हणालो, "बोल गं." ती बोलली नाही. गेले कित्येक महिने ताईचा फोन आला की तिच्या आवाजामागे आणखी एक आवाज असायचा. भाऊजींच्या श्वासाच्या यंत्राचा, फुगणारा आणि ओसरणारा. मला त्याची इतकी सवय झाली होती, की तो ऐकू येतो हेही मी विसरून गेलो होतो. त्या सकाळी तो नव्हता. ताईने तोंड उघडायच्या आधीच मला कळलं. मग ती एवढंच म्हणाली, "ये." भाजीवाली माझ्याकडे बघत होती. "तोलुं ने भाई?" तिने विचारलं, आणि मी मान हलवली. तिने पापडी तोलली, मी ती पिशवीत घेतली, गाडी काढली, पूल ओलांडून अकोट्याला ताईच्या घरी गेलो, जिना चढलो, आणि भाऊजींच्या पायाशी जाऊन उभा राहिलो तेव्हाही ती पिशवी माझ्या हातातच होती. कोणीतरी हळूच ती काढून घेतली. कोणी ते आठवत नाही...

अरविंदभाऊजी माझ्या थोरल्या बहिणीचे, शुभाताईचे यजमान. मागे कधीतरी गायकवाडी कारभारात कोणी कोणी हुद्द्यावर होते अशा घराण्यातले, पण त्याबद्दल त्यांच्या तोंडून मी कधी अक्षर ऐकलं नाही. तसं कशाबद्दलच फारसं ऐकलं नाही. अलकापुरीतल्या एका ऑफिसात ते स्ट्रक्चरल इंजिनिअर होते. दुसऱ्यांनी काढलेल्या इमारतींचे नकाशे तपासायचे, खांब-तुळया पेलतील की नाही ते बघायचं, हे त्यांचं काम. कुठेही गेले, अगदी लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा, की आधी मान वर करून छत बघत. ताईच्या लग्नानंतर पहिली वीसेक वर्षं आमचं बोलणं म्हणजे दिवाळीत, "काय म्हणतंय ऑफिस?" "चाललंय." "तुझं?" "चाललंय." मग दोघंही चिवड्याच्या बशीकडे वळायचो. ते रागीट होते असं नाही, तुटकही नव्हते. दोन माणसांना एकमेकांशी बोलायला काही नसतं, तसं होतं ते. त्यांच्याविषयी कधीकाळी एवढं लिहायला बसेन असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी हसलो असतो.

आमची खरी ओळख झाली ती एका मॉलमध्ये. आमच्याकडे कुणाचं तरी लग्न निघालं होतं. ताई आणि माझी बायको अनघा साड्यांच्या दुकानात शिरल्या आणि आम्हा दोघांना बाहेरच्या बाकावर बसवून गेल्या. बराच वेळ आम्ही समोरचा सरकता जिना बघितला. मग भाऊजी एकदम म्हणाले, "वर काय आहे?" वर मुलांचं गेम झोन होतं. आम्ही गेलो ते केवळ बाकावरून उठायला निमित्त म्हणून. आत सगळा कल्लोळ. गाड्यांच्या शर्यती, नाचायचे चौथरे, बास्केटबॉल, आणि प्रत्येक ठिकाणी पोरांच्या रांगा. अगदी मागे, बाथरूमकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी, एक पडदा लावलेली खोपटासारखी केबिन होती. पडद्यावर कुजक्या चेहऱ्यांची चित्रं, तीही उन्हाने उडाल्यासारखी फिकट. आत एक बाकडं, समोर मोठा स्क्रीन, आणि वायरीने बांधलेल्या दोन प्लास्टिकच्या बंदुका, एक लाल, एक निळी. काउंटरवरच्या रेखाबेन आमच्या मागोमाग आल्या. "आ मशीनने तो कोई अडतुं पण नथी," त्या म्हणाल्या. याला कोणी हातसुद्धा लावत नाही म्हणे. हे ऐकून भाऊजी आत जाऊन बसले. त्यांनी निळी बंदूक उचलली. मला लाल उरली. पुढे कायमचं तेच ठरून गेलं.

खेळ झॉम्बींचा होता. पुरात बुडालेलं कुठलं तरी शहर, घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत पाणी, आणि त्या पाण्यातून मेलेली माणसं वर येतात. आम्ही दोघं एका होडीत. होडी आपोआप चालते, आपण फक्त नेम धरून ट्रिगर ओढायचा. सहा गोळ्या संपल्या की बंदूक स्क्रीनच्या बाहेर रोखून एकदा चाप ओढायचा, की ती पुन्हा भरते. अक्षरं जपानी असावीत, आम्हाला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. आवाज खरखरीत. चित्रं बेताचीच. नंतर मी इंटरनेटवर शोधलं तेव्हा त्या खेळाबद्दल जवळजवळ काहीच सापडलं नाही, जगातही त्याला कोणी हात लावला नव्हता बहुधा. पण त्या दिवशी पहिलं मढं पाण्यातून वर आलं आणि होडीच्या काठाला हात घालून आत चढू लागलं, तेव्हा वीस वर्षं "चाललंय" याखेरीज काही न बोललेला माणूस मोठ्याने ओरडला, "आली मंडळी!" मला इतकं हसू आलं की माझा नेम चुकला आणि आम्ही दोघंही मेलो. भाऊजींनी माझ्याकडे वळूनही न बघता काउंटरवरून घेतलेलं कार्ड पुन्हा मशीनला लावलं. "परत."

मग ती सवयच झाली. महिन्यातून एखाद्या शनिवारी संध्याकाळी, नंतर नंतर दर शनिवारी. ताई आणि अनघा आधी हसायच्या, मग चिडवायच्या, मग त्यांनी आमचा नाद सोडला. "जा, तुमची मढी वाट बघतायत," ताई दारातून म्हणायची. रेखाबेनही तेच म्हणायच्या, त्यांच्या भाषेत. "आवो काका, तमारा भूत राह जुए छे." पडदा सरकवून आत बसलं की भाऊजी वेगळेच होत. आरडाओरडा करणारे नव्हे, पण बोलणारे. "डावीकडे, खिडकीत." "भर, भर, बंदूक भर." मी घाईघाईने चाप ओढत सुटलो की, "शांती राख, मिलिंद. डोक्यात मार, पोटात मारून गोळ्या वाया घालवू नकोस." मधल्या वेळात, होडी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाताना, त्यांचं इमारतींकडेच लक्ष. "हा जिना बघ. खाली आधारच नाही. असा उभा राहूच शकत नाही हा." मी म्हणायचो, "भाऊजी, मेलेली माणसं चालतायत ते चालतं, आणि जिना चालत नाही?" त्यावर ते गंभीरपणे म्हणाले होते, "मेलेल्यांचं मला माहीत नाही. जिन्याचं माहीत आहे." खेळून झालं की खाली येऊन कॉफी. तिथे मला हळूहळू त्यांची माहिती झाली. तरुणपणी त्यांना पोहण्याचं वेड होतं. मुलगी गार्गी बेंगळुरूला नोकरीला गेली तेव्हा तिच्या खोलीतलं टेबल त्यांनी वर्षभर कोणाला हलवू दिलं नाही. ताईला माहीत नसलेलं असं काही त्यात नव्हतं, पण मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

त्या खेळाच्या दुसऱ्या टप्प्यात एक बाई येते. पिवळा रेनकोट घातलेली, एका गॅलरीत उभी राहून हात हलवणारी. तिच्या मागून दोन मेलेले येतात. आम्ही मारतो. मग बाजूच्या गॅलरीतून एक येतो, त्यालाही मारतो. आणि मग ती मागे सरते, कठडा तुटतो, आणि ती पाण्यात जाते. दर वेळी. आधी आम्हाला वाटलं की आपण उशीर करतोय. मग वाटलं, कोणीतरी एखादा सुटतोय. भाऊजींनी तर त्याचा अभ्यासच मांडला. एकदा म्हणाले, "तू फक्त उजवी बाजू सांभाळ, मी कठड्यापाशी बघतो." एकदा आम्ही कोणालाच न मारता नुसते बघत बसलो. ती पडलीच. कॉफी पिताना ते म्हणाले, "काहीतरी राहतंय आपलं. तिच्या मागे दार उघडं आहे, तू पाहिलंस? दार काढलंय म्हणजे आत जायची वाट असणार. नसलेल्या वाटेला कोण कशाला दार काढेल?" नकाशे तपासण्यात जन्म गेलेल्या माणसाचं म्हणणं होतं ते. मला पटलं होतं.

एका शनिवारी भाऊजी म्हणाले की निळ्या बंदुकीचा चाप घट्ट झालाय. बोटाने ओढूनही गोळी सुटत नव्हती, सुटली तर उशिरा. आम्ही रेखाबेनना सांगितलं. त्यांनी तक्रार पुढे कळवली, पुढच्या आठवड्यात मेकॅनिक येऊन गेला होता आणि त्याच्या मते बंदूक ठीक होती. भाऊजी बसले, दोन-तीनदा ओढून बघितलं, आणि म्हणाले, "काही ठीक केलेलं नाही यांनी. दे तुझी." आम्ही बंदुका बदलल्या. मी निळीने गोळ्या झाडल्या, मुळीच त्रास न होता झाडल्या. आणि माझ्या शेजारी भाऊजी लाल बंदुकीचा चाप आधी एका बोटाने, मग दोन बोटांनी ओढत होते. "हीपण बिघडली," ते म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बंदूक खाली ठेवली आणि आपला उजवा हात स्क्रीनच्या उजेडात उलटासुलटा करून बघितला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग आत बसला होता, एखाद्या म्हाताऱ्याच्या हातावर असतो तसा. स्क्रीनवर आमची होडी मढ्यांनी भरून गेली होती, कोणी मारतच नव्हतं. "बघ," ते म्हणाले. एवढंच.

डॉक्टर, तपासण्या, मग मोठे डॉक्टर, मग अहमदाबाद. मेंदूकडून स्नायूंना निरोप नेणाऱ्या नसा मरत जातात, असा तो आजार. कशामुळे होतो ते सांगता येत नाही, आणि थांबवायला औषध नाही. वेग थोडा कमी करणारी एक गोळी आहे, ती घ्या. हात जातील, पाय जातील, बोलणं जाईल, गिळणं जाईल, शेवटी श्वास. बुद्धी मात्र शाबूत राहील. डॉक्टरांनी हे शेवटचं वाक्य दिलासा दिल्यासारखं म्हटलं. बाहेर पार्किंगमध्ये ताई मला म्हणाली, "मिलिंद, पण काहीतरी करायला हवं ना आपण?" तिने केलंही. आयुर्वेद केला, होमिओपथी केली, कोणी सांगितलं म्हणून तेलाचे मसाज केले. भाऊजी कशालाही नाही म्हणाले नाहीत. मला नंतर एकदा म्हणाले, "तिला काहीतरी करत राहू दे. नाहीतर ती काय करेल?" मी काय करणार होतो? मी बँकेत कर्ज विभागात आहे. मला कागद तपासता येतात. मी त्या आजाराविषयी मिळेल ते सगळं वाचून काढलं, आणि जितकं वाचलं तितकं कळलं की वाचून उपयोग नाही.

मला एकच गोष्ट करता येत होती. शनिवारी त्यांना घेऊन जायचं. आम्ही जात राहिलो. आधी त्यांनी डाव्या हाताने खेळायला सुरुवात केली. नेम बरा लागायचा, त्यावर ते खूश असायचे. मग डावा हातही उतरू लागला. मग त्यांनी मनगट पुढच्या कठड्यावर टेकवून बंदूक नुसती फिरवायची आणि त्यांनी "हं" म्हटलं की मी हात लांबवून त्यांचा चाप ओढायचा, असं काही महिने चाललं. दोन माणसांनी मिळून एक बंदूक चालवायची, हे लिहिताना हास्यास्पद वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं. नंतर दोन्ही बंदुका माझ्याच हातात आल्या, आणि ते शेजारी बसून सांगू लागले. "वर. उजवीकडे. भर." त्यांची जीभ जड होऊ लागली तेव्हा "भर"मधला "र" आधी गेला. "भ," ते म्हणायचे, आणि मी बंदूक स्क्रीनबाहेर रोखायचो. पडद्याच्या फटीतून एखादं पोर डोकवायचं आणि दोन काकांना बघून पळून जायचं.

त्याच सुमारास मला इंटरनेटच्या एका कोपऱ्यात त्या खेळाबद्दल चार ओळी सापडल्या. कोण्या परदेशी माणसाने लिहिलं होतं की दुसऱ्या टप्प्यातली पिवळ्या रेनकोटवाली बाई वाचत नाही. काहीही केलं तरी ती पडते. कथाच तशी आहे. मी ते भाऊजींना खाली कॉफी पिताना सांगितलं. आता कॉफी त्यांना स्ट्रॉने द्यावी लागायची. त्यांनी स्ट्रॉ सोडली.

"म्हणजे सोयच नाही?"

"नाही. कोणीच वाचवू शकत नाही म्हणे."

ते सावकाश, प्रत्येक शब्द धडपडत उच्चारत म्हणाले, "मग आपल्या हातात बंदूक कशाला दिली?"

त्यांना चिडलेलं मी आयुष्यात त्या एकदाच पाहिलं. आजाराबद्दल नाही, डॉक्टरांबद्दल नाही, देवाबद्दल तर मुळीच नाही. एक जुनाट खेळ बनवणाऱ्या, कुठल्या तरी लांबच्या देशातल्या, नाव-गाव माहीत नसलेल्या माणसांवर ते चिडले होते, आणि त्यांचे डोळे भरले होते. मी रुमालाने त्यांची हनुवटी पुसली. मग ते म्हणाले, "चल. परत." आम्ही पुन्हा वर गेलो. दुसऱ्या टप्प्यात ती बाई आली, आणि माझ्या शेजारून ते सांगू लागले, "डावीकडे... वर... कठडा..." जणू मी काही सांगितलंच नव्हतं. मीही मारत राहिलो.

व्हीलचेअर आल्यावर त्या केबिनमध्ये बसवणं अवघड झालं. रेखाबेन आणि मी मिळून त्यांना उचलून बाकड्यावर ठेवायचो. मग एका शनिवारी आम्ही लिफ्टमधून वर आलो तर बोळाच्या तोंडाशी ती केबिनच नव्हती. तिच्या जागी काचेची पेटी होती, आत कापडी अस्वलं आणि ती उचलायला लोखंडी पंजा. रेखाबेन काउंटरमागून धावत आल्या. "काले ज लई गया काका. में घणुं कह्युं..." कालच नेली होती, त्यांनी बरंच सांगून पाहिलं होतं, पण जी मशीन कोणी खेळत नाही ती कोण ठेवणार? भंगारात गेली की दुसऱ्या शहरात, त्यांनाही माहीत नव्हतं. त्या रडायच्या बेतात होत्या. भाऊजींच्या खुर्चीशी वाकून पुन्हा पुन्हा "सॉरी काका" म्हणत होत्या, जणू त्यांनीच काही केलं. भाऊजी जमिनीकडे बघत होते. फरशीवर केबिनच्या चार पायांचे चौकोनी डाग राहिले होते. मी म्हणालो, "दुसरीकडे कुठे असेल, मी शोधतो." मी खरंच शोधलं. सुरतेला फोन केले, अहमदाबादला केले. कुठेच नव्हती. तोवर भाऊजींना गाडीत तासभर बसवणंही शक्य राहिलं नव्हतं, म्हणजे सापडली असती तरी... पण मी फोन करत राहिलो. ताईने तेलाचे मसाज चालू ठेवले होते तसंच.

त्यानंतर ते घराबाहेर पडले नाहीत. बोलणं पूर्ण गेलं. मग उरले डोळे. पापणी एकदा मिटली की हो, नजर बाजूला वळवली की नाही. गार्गीने बेंगळुरूहून येऊन एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात मुळाक्षरं लिहून दिली. आपण ओळीवर बोट ठेवायचं, क-च-ट-त-प, ते पापणी मिटतात, मग त्या ओळीतलं एक एक अक्षर. काना-मात्रा सांगत बसलं तर दिवस जाईल म्हणून त्यांनी त्या सोडूनच दिल्या. "प ण" म्हणजे पाणी, "प ख" म्हणजे पंखा. ताई तरबेज झाली. तिला पहिलं अक्षर मिळालं की बाकीचं कळायचं. मला वेळ लागायचा. मी चुकीचा अंदाज केला की ते डोळे वर छताकडे फिरवायचे, आणि मला "शांती राख" ऐकू यायचं.

गेल्या पावसाळ्यात विश्वामित्रीला पूर आला. अकोट्याच्या त्या भागात पाणी शिरलं, पूल बंद केले, वीज गेली. ताईचं घर दुसऱ्या मजल्यावर, तिथवर पाणी येणार नव्हतं, पण भाऊजी तेव्हा श्वासाच्या यंत्रावर होते. घरात इन्व्हर्टर होता, तो किती पुरणार? ताईचा शेवटचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "इन्व्हर्टर वाजायला लागलाय," आणि मग तिचा फोनही बंद झाला. मी पुलाच्या अलीकडे जाऊन उभा राहिलो. पोलिसांनी दोर बांधला होता. मी त्यांना सांगितलं, पलीकडे माझा पेशंट आहे, यंत्र आहे, वीज नाही. तो हवालदार भला होता. "शुं करुं भाई, हुं पण अहीं ज ऊभो छुं," तो म्हणाला. खरंच तोही नुसता उभाच होता. भरदिवसा, शेकडो माणसं काठावर उभी, आणि समोरून तपकिरी पाणी जातंय, त्यात झाडं, गाद्या, एक गॅसचं सिलिंडर. कोणीतरी मगर दिसली म्हणून बोट दाखवत होतं. नदीपलीकडे, माझ्या नजरेच्या टप्प्यात, ती सोसायटी. मला तिची पाण्याची टाकी दिसत होती. इतकं जवळ, आणि मला हलता येत नव्हतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा थोडंसं कळलं की भाऊजी रोज कुठे असतात.

पाणी उतरल्यावर मी चिखलातून चालत गेलो. दार ताईने उघडलं. ते जिवंत होते. शेजाऱ्यांनी आपापल्या गाड्यांच्या बॅटऱ्या काढून जिन्यावरून वर आणल्या होत्या, एक संपली की दुसरी जोडत. मधल्या वेळी जेव्हा काहीच चालू नव्हतं तेव्हा ताई पलंगावर चढून बसली होती आणि तिने भाऊजींना आपल्या छातीशी टेकवून ताठ बसवून धरलं होतं, कारण आडवं झालं की श्वास अडकायचा. किती वेळ, विचारलं तर तिला सांगता आलं नाही. मी पलंगापाशी गेलो. भाऊजींनी पुठ्ठ्याकडे नजर वळवली. मी बोट फिरवू लागलो. म. मग ड. मग ळ. मला काही लागेना. आ, ल. न, ह. मी ते अक्षर अक्षर जोडून मोठ्याने वाचलं, आणि मग अचानक कळलं. मंडळी आली नाही. खाली इतकं पाणी भरलं होतं, आणि मंडळी काही आली नाही. मी हसायला लागलो. भाऊजींना हसता येत नव्हतं, पण डोळे बारीक झाले होते. ताई दोघांकडे बघत म्हणाली, "काय झालं? मला सांगा ना काय म्हणाले ते." मी तिला सांगायला गेलो आणि मला रडू फुटलं.

त्यानंतर डॉक्टरांनी विचारलं की गळ्याला भोक पाडून नळी घालायची का. घातली तर आणखी वर्ष-दोन वर्षं मिळू शकतील, कदाचित जास्तही. ताईला हवं होतं. गार्गीला हवं होतं. मलाही हवं होतं. भाऊजींनी नजर बाजूला वळवली. ताईने पुन्हा विचारलं. पुन्हा बाजूला. ती म्हणाली, "नीट विचार करा. घाई नाही." त्यांनी तिच्याकडे सरळ बघितलं, बराच वेळ, आणि मग सावकाश नजर वळवली. ती उठून स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागे गेलो नाही, पलंगाशीच बसून राहिलो, आणि ते माझ्याकडे बघत राहिले. पुठ्ठा मागितला नाही. मला वाटतं, त्यांना मी काही बोलायला नको होतं, नुसतं शेजारी बसायला हवं होतं, आणि ते मला चांगलं येत होतं. त्यानंतर थंडी पडली. मग तो रविवार आला. ताई सांगते की पहाटे तिने त्यांना कुशीवर वळवलं, पांघरूण सारखं केलं, आणि सकाळी चहा ठेवून येईतो ते गेले होते. यंत्र चालूच होतं. ते तिने स्वतःच्या हाताने बंद केलं आणि मग मला फोन केला.

आता दहावा-तेरावा सगळं उरकून काही आठवडे झालेत. भाड्याने आणलेला पलंग परत गेला, यंत्र दुसऱ्या एका पेशंटकडे गेलं. गार्गी बेंगळुरूला परतली, ताईला घेऊन जायला पुन्हा येणार आहे, ताई अजून हो म्हणालेली नाही. मी ऑफिसातून सुटल्यावर अकोट्याला जातो. आम्ही फारसं बोलत नाही. काल ती चहा करत होती, मी ओट्याला टेकून उभा होतो. दोन कप समोर ठेवून तिने विचारलं, "साखर घालू?" आणि चमचा हातात धरून ती माझ्याकडे वळली आणि थांबली. माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या डोळ्यांकडे बघत. उत्तर तिथूनच यायचं असतं, अशी वाट बघत. मला तोंडाने सांगता आलं असतं. मी सांगणारही होतो... पण तिच्या त्या बघण्यापुढे माझी पापणी आपोआप मिटली. एकदा.

ताईने साखर घातली.